घुबडाची तक्रार

मित्रांनो, मी एका शाळेतल्या तिसरीच्या वर्गाचा फोन होतो. आता जुना झालो आहे. ऑफिसातल्या कपाटात, खडूंच्या रिकाम्या खोक्याशेजारी माझी जागा आहे. कधीतरी कारकूनकाकांना आठवण झाली की ते मला चार्जिंगला लावतात, एरवी मी झोपलेला असतो. फोनची झोप म्हणजे तळ्याच्या तळाशी पडून राहण्यासारखे असते. वरून उजेड सरकतो, आवाज जातात, पण कुणाचे काय ते कळत नाही. त्या झोपेत मला जुने दिवस दिसतात. आज जरा जाग आहे, तर तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. तिथे सगळ्यांनी पांढऱ्या टोप्या घातलेल्या होत्या आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हते. एका बाईने माझ्यावर काच बसवली आणि मऊ कापडाने पुसली. काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, तेव्हा तिने हळूच टोपी सारखी केली. मी पाहिलेला तो पहिला चेहरा. मग मी खोक्यात गेलो. किती दिवस अंधारात हेलकावे खात होतो कोण जाणे. खोके उघडले तेव्हा समोर मोठ्या बाई होत्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी ठरवले होते की प्रत्येक वर्गाला एक फोन द्यायचा, म्हणजे दिवसभर वर्गात काय चालते ते घरच्यांनाही कळेल. मी तिसरीच्या वाट्याला आलो.

तिसरीच्या बाई मला घ्यायला आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना हिरवा रंग लागला होता. तो माझ्या पाठीला लागला आणि बरेच महिने तिथेच राहिला. बाई तशा उंच होत्या, पण मुलांशी बोलताना नेहमी वाकायच्या किंवा सरळ जमिनीवर बसायच्या. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता. वर्गात गडबड झाली की त्या आणखी हळू बोलत, आणि मग ऐकू यावे म्हणून मुलेच गप्प होत.

ते पहिले वर्ष मला एखाद्या लांबलेल्या सकाळीसारखे आठवते. ओल्या कापसावर ठेवलेल्या बियांना मोड आले, मी फोटो काढला. खिडकीच्या काचेवर श्वास सोडून मुलांनी गणिते केली, मी फोटो काढला. संध्याकाळी ते फोटो मुलांच्या घरी जात, आणि घराघरांतून माझ्याकडे शब्द येत. "किती छान!" "बाई, आमची ही घरी तुमच्यासारखीच बोलते." शब्द माझ्यातून जातात तेव्हा मला ते जाणवतात, मित्रांनो. ते शब्द उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांसारखे ऊबदार होते. बाई मला घरी नेत. जेवणाच्या टेबलाशी त्या आपल्या आईला ते वाचून दाखवत. आईला कमी ऐकू येई, म्हणून प्रत्येक कौतुक त्यांना दोनदा वाचावे लागे. मला वाटते, दोनदा वाचायला त्यांना आवडतही असावे.

दुसऱ्या वर्षी बाईंनी एक खेळ काढला. प्रत्येक मुलाने आपल्या आवडीचा एक पक्षी निवडायचा. वर्षभर हजेरीला बाई त्या पक्ष्याचे नाव घेणार आणि मुलाने त्याचा आवाज काढून उत्तर द्यायचे. कुणी खंड्या झाले, कुणी पोपट, कुणी कावळा. एकाला बदक व्हायचे होते आणि त्याच्या जिवलग मित्रालाही बदकच व्हायचे होते, म्हणून वर्गात दोन बदके होती. मुलांनी आपापले पक्षी रंगवून भिंतीवर चिकटवले. सकाळी हजेरी सुरू झाली की शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावून विचारत, इथे शिकवणे चालू आहे की जंगल उठले आहे.

त्या वर्गात एक लहानखुरी मुलगी होती. घरी तिला बारकी म्हणत आणि शाळेतही तेच नाव रुळले होते. तिचा चष्मा जाड होता. ती फार कमी बोले. पक्षी निवडायच्या दिवशी तिने हात वर केला, याचे बाईंना एवढे अप्रूप वाटले की त्यांनी बाकी सगळ्यांना थांबवले. बारकी म्हणाली, "मी घुबड." मुले हसली, पण बाई म्हणाल्या, घुबडासारखी मान फिरवता येते का कुणाला? सगळ्यांनी फिरवून पाहिली. कुणालाच जमेना. तेव्हापासून घुबडाचा मान वाढला. हजेरीत बारकीचा नंबर आला की वर्ग शांत होई, आणि ती अगदी खोलवरून, सावकाश घुमत असे. वर्षभरात तिचा तेवढा एक आवाज सगळ्यांना नीट ऐकू येत असे.

एके दिवशी बाईंनी हजेरीचा व्हिडिओ काढायचे ठरवले. मी त्यांच्या हातात होतो. खंड्या झाला, पोपट झाला. मग बाई म्हणाल्या, "आणि आमचं घुबड कुठंय?" बारकी नेमकी मागे वळून कुणाचे तरी रबर शोधत होती. सगळ्या वर्गाला तिची पाठ आणि दोन वेण्या दिसल्या, आणि हसू फुटले. बाईही हसल्या. त्या नादात त्यांचा अंगठा लागला आणि व्हिडिओ तिथेच थांबला. त्यानंतर बारकी वळली, चष्मा वर सरकवला आणि असे काही घुमली की दोन्ही बदकांनी टाळ्या वाजवल्या. पण ते माझ्यात राहिले नाही. माझ्यात राहिले ते एवढेच, की बाई एका मुलीला घुबड म्हणाल्या आणि वर्ग हसला.

संध्याकाळी तो व्हिडिओ घरोघर गेला.

बारकीचे बाबा शीतगृहात रात्रपाळीला होते. फळे, दूध, मासे थंड ठेवायची ती प्रचंड खोली, आणि तिथल्या यंत्रांवर रात्रभर नजर ठेवायची हे त्यांचे काम. ते सकाळी घरी येत तेव्हा बारकी शाळेत असे. ती घरी येई तेव्हा ते झोपलेले असत. मुलीचे दिवस ते माझ्यासारख्या फोनमधूनच बघत. त्या रात्री कामाच्या मधल्या सुट्टीत त्यांनी व्हिडिओ पाहिला, आणि पुन्हा पुन्हा पाहिला. सकाळी वर्ग भरता भरता त्यांचा निरोप आला. एकट्या बाईंना नव्हे, सगळ्या पालकांच्या ग्रुपवर. "माझ्या मुलीला चष्मा आहे म्हणून शिक्षिका तिला घुबड म्हणतात आणि वर्गाला हसायला लावतात. याचं उत्तर पाहिजे."

बाई तेव्हा फळ्यावर भागाकार समजावत होत्या आणि मी टेबलाच्या खणात होतो. खणातल्या खणात मी थरथरू लागलो. बाईंचे उत्तर येईना, म्हणून कुणी लिहिले की बघा, उत्तर द्यायचीही गरज वाटत नाही यांना. कुणी लिहिले की आमच्या मुलाला कावळा केले, रंगावरूनच केले असणार. कुणी लिहिले की वर्षभर खेळच चालतात, पाढे कधी घेणार? एका आजोबांनी गेल्या वर्षी हरवलेल्या पाण्याच्या बाटलीचा विषय काढला. मधली सुट्टी झाली आणि बाईंनी खण उघडला. त्या उभ्याउभ्याच वाचत राहिल्या. डबा खायचा राहून गेला.

मित्रांनो, पुढचे दिवस मला धुक्यातून दिसावेत तसे आठवतात. बाईंनी ग्रुपवर लिहिले की पक्षी मुलांनीच निवडले आहेत, तुम्ही या, आपण बोलू. कुणी आले नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "लिहून उत्तर देऊ नकोस. लिहिलं की त्यांना आणखी लिहावंसं वाटतं." पण शाळेच्या संचालकांना हे प्रकरण मिटवायचे होते, म्हणून त्यांनी बाईंकडून माफी लिहून घेतली. माफी ग्रुपवर गेली आणि लोक म्हणाले, बघा, चूक होती म्हणूनच माफी मागितली. मग कुणीतरी तो व्हिडिओ ग्रुपच्या बाहेर सोडला. ज्यांची मुले या शाळेत नव्हती, ज्यांनी ही शाळा कधी पाहिलीही नव्हती, तेही लिहू लागले. इंटरनेटवर शाळेच्या नावापुढे लोक पाचांपैकी एकच तारा देऊ लागले. शिक्षण खात्याच्या ऑनलाइन खिडकीत तक्रारी गेल्या. त्यांतल्या पुष्कळ तर शब्दाला शब्द सारख्या होत्या, 'शिक्षिका' हा शब्दसुद्धा सगळ्यांनी एकाच पद्धतीने चुकवलेला. कुणी बाईंचा फोटो शोधून काढला आणि त्याखाली जे लिहिले ते मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्यातून ते गेले आहे, तेवढे पुरे.

हे शब्द कसे होते म्हणाल, तर बर्फाच्या खड्यांसारखे. येताना गार लागत आणि गेल्यावर ओल ठेवून जात. बाईंच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी थरथरत राहायचो. आईला नीट ऐकू येत नसले तरी टेबलाची थरथर तिच्या हाताला कळे. एकदा तिने विचारले, "कोण गं इतकं बोलतंय तुझ्याशी?" बाई म्हणाल्या, "शाळेतलंच आहे गं, आई." आईने माझ्याकडे पाहिले, मग टेबलावर पसरलेला स्वतःचा हात उचलून मांडीवर घेतला.

एका सकाळी बाई मुलांच्या आधी वर्गात आल्या. त्यांनी भिंतीवरचे पक्षी एकेक करून उतरवले. कागद फाटू नयेत म्हणून चिकटपट्टी नखाने हलके हलके सोडवली आणि सगळे पक्षी कपाटात ठेवून दिले. त्या दिवसापासून हजेरी आडनावाने होऊ लागली. मुले "हजर" म्हणू लागली. शेजारच्या वर्गातले सर डोकावायचे थांबले.

बारकीनेही चष्मा काढून दप्तरात ठेवला. फळ्यावरचे तिला दिसेना, ती डोळे बारीक करून बघे आणि मग वही मिटून बसे. बाईंच्या ते लक्षात आले. एकदा त्या तिच्या बाकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या वाकल्या. काही विचारण्यासाठी त्यांनी तोंड उघडले. तेवढ्यात टेबलावर मी थरथरलो. बाईंनी तोंड मिटले, त्या सरळ झाल्या आणि फळ्याकडे परत गेल्या. आपल्या वाक्याचे बाहेर काय होईल, याचा त्यांना आता भरवसा उरला नव्हता. माझ्या आठवणीत त्या वर्षातला सगळ्यात वाईट क्षण कुठला, तर तो. तेव्हा माझ्यावर आलेला निरोप कुणाच्या तरी हरवलेल्या टोपीबद्दल होता.

काही दिवसांनी बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि मला त्यांच्या टेबलावर ठेवले. बाई म्हणाल्या, "मला मुलांशी बोलायची भीती वाटायला लागलीय. आता मी वर्गात उभी राहून काय करू?" बाई रजेवर गेल्या, परत येईन असेही म्हणाल्या नाहीत.

मी मोठ्या बाईंपाशी राहिलो. दुपारी त्यांनी मला हातात घेतले, चष्मा डोक्यावर सरकवला आणि बारकीच्या बाबांचा नंबर लावला. मित्रांनो, मला खरेच आठवले नाही की शेवटचा आवाज माझ्यातून कधी गेला होता. इतके दिवस नुसती अक्षरे जात होती. आवाज गेला तेव्हा मला आतून कोणीतरी दार उघडल्यासारखे वाटले. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही लिहिलेलं सगळं मी वाचलंय. आता एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. उद्या सकाळी पाळी संपली की या." पलीकडून एक झोपाळू, अगदी साधा आवाज म्हणाला, "येतो."

ते आले तेव्हा त्यांच्या अंगात शीतगृहातले जाड जाकीट तसेच होते. त्यांच्या निरोपांवरून मी कुणीतरी धिप्पाड, दणदणीत माणूस डोळ्यांपुढे आणला होता. आला तो खांदे पाडून चालणारा, डोळे लाल झालेला बाप. त्यांचा चष्माही जाडच होता. मधली सुट्टी चालू होती, म्हणून मोठ्या बाईंनी त्यांना तिसरीच्या रिकाम्या वर्गात नेले. तिथल्या बुटक्या बाकांवर दोघे गुडघे दुमडून बसले. मी मोठ्या बाईंच्या हातात होतो.

बाबांनी आधी निरोपांतली वाक्येच म्हणून पाहिली. पण समोर बसून म्हणताना ती त्यांनाच पेलेनात. मग ते आपल्या लहानपणाविषयी बोलू लागले. त्यांच्याही वर्गात हसत असत. त्यांचा चष्मा लपवत आणि ते चाचपडत शोधू लागले की आणखी हसत. शिक्षक ते पाहून न पाहिल्यासारखे करत. व्हिडिओतले ते हसू ऐकले आणि आपण त्याच वर्गात परत जाऊन पडलो असे त्यांना वाटले.

मोठ्या बाईंनी ते सगळे ऐकून घेतले. मग एवढेच विचारले, "बारकीला विचारलंत का, काय झालं होतं?"

बाबा म्हणाले, "ती घरी येते तेव्हा मी झोपलेलो असतो हो."

तेवढ्यात घंटा झाली आणि मुले आत येऊ लागली. बारकीही आली. बाकांच्या कडेला हात लावत लावत ती बाबांच्या अगदी जवळून गेली आणि पुढे निघून गेली. आपल्या बाबांना तिने ओळखले नाही. तिला ते दिसलेच नव्हते.

बाबांनी तिला हाक मारली. ती दचकून वळली आणि डोळे बारीक करून जवळ आली. चष्मा कुठे आहे, त्यांनी विचारले. दप्तरात आहे, ती म्हणाली. चष्म्यामुळे घुबड, घुबडामुळे सगळे बाईंना रागावले, म्हणून तिने तो काढला, तरी बाई गेल्या. आता चष्मा नाही घातला की त्या परत येतील.

बाबा तिच्यापुढे वाकले. "घुबड नाव तुला कोणी ठेवलं, बाळा?"

"मीच," बारकी म्हणाली. "घुबड रात्रभर जागं असतं ना. तुमच्यासारखं."

बाबांनी दप्तरातून चष्मा काढला, आपल्या सदऱ्याला पुसला आणि तिच्या डोळ्यांवर बसवला. दोन्ही कानांमागे नीट बसला ना, ते हात लावून पाहिले. मग ते त्या बुटक्या बाकावर तसेच बसून राहिले. मोठ्या बाईंनी मला पदराआड धरले. कुणी फोटो काढावा असा तो क्षण नव्हता.

मित्रांनो, इथे सगळे ठीक झाले असे सांगायला मला आवडले असते. पण तसे झाले नाही. बाबांनी आपले निरोप पुसले आणि खरे काय ते ग्रुपवर लिहिले. ते वाचायला फारसे कोणी थांबले नाही. तोपर्यंत बाहेरचे लोक दुसऱ्याच कुणावर तरी रागावायला गेले होते, आणि शाळेपुढचे ते एकेकटे तारे मात्र तिथेच राहिले, आजही आहेत. शिक्षण खात्याचे साहेब चौकशीला आले. त्यांनी कपाटातले पक्षी पाहिले, मुलांना प्रश्न विचारले. दोन्ही बदकांनी त्यांना आवाज काढून दाखवला. तक्रारीत तथ्य नाही असे लिहून साहेबांनी कागद बंद केले.

मग बाबांनी दुसरा मार्ग धरला. रात्रपाळी करून ते शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहत आणि मुलांना न्यायला आलेल्या एकेका आईवडिलांना तोंडाने सांगत, की माझी चूक झाली, बाई तशा नाहीत. ऑफिसच्या खिडकीत मला ठेवले होते, तिथून मी ते बघत असे. अंगठ्याने जे एका सकाळी झाले होते ते तोंडाने सांगायला त्यांना कितीतरी आठवडे लागले. कुणी मान डोलावून जाई. कुणी म्हणे, जाऊ द्या हो, बाकीच्या तक्रारी तर खऱ्या असतील. एका बाईंनी मात्र तिथेच उभ्या उभ्या डोळे पुसले. कावळ्याची आई होती ती.

ते बाईंच्या घरीही गेले. मोठ्या बाई सोबत होत्या आणि मी त्यांच्या पर्समध्ये, म्हणून मला दिसले काही नाही, फक्त ऐकू आले. बाबा बराच वेळ बोलले. बाईंचा आवाज एकदाच आला, नेहमीसारखा हळू. "तुम्ही मला आधी विचारायचं होतंत." त्यावर बाबा म्हणाले, "हो." मग कपबश्यांचा आवाज आला. निघताना आईने मोठ्या आवाजात विचारले, हे कोण होते गं? बाई म्हणाल्या, "आमच्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा."

आमच्या वर्गातल्या, असे त्या म्हणाल्या. पर्समध्ये मोठ्या बाईंचा हात माझ्यावर जरा घट्ट झाला.

बाई परत आल्या त्या सकाळी ढगाळ होते आणि व्हरांड्यातले दिवे लावलेले होते. त्या आधी ऑफिसात आल्या. पूर्वीपेक्षा त्या थोड्या वाळल्या होत्या. मोठ्या बाईंनी सवयीने मला त्यांच्यापुढे केले. बाईंनी मला हातात घेतले, माझी काच अंगठ्याने एकदा पुसली आणि परत टेबलावर ठेवले. "हा इथेच असू दे," त्या म्हणाल्या. मोठ्या बाईंनी मान हलवली. त्यानंतर शाळेत नियमच झाला. फोन ऑफिसात राहील, आणि कुणाला काही विचारायचे असेल त्याने शाळेत यावे, त्याच्यासाठी खुर्ची मांडली जाईल.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी भावंडे असतील. ती माझ्याहून नवी आणि हुशार असतील, पण एक गोष्ट त्यांनाही येत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा कसा झाला, ते त्यांना परत येऊन सांगता येत नाही. आम्ही शब्द नेऊन पोचवतो, बस. म्हणून राग आला असेल, काळजी वाटत असेल, तर आम्हाला थोडा वेळ खाली ठेवा. ज्याच्याबद्दल लिहिणार आहात त्याच्याकडे चालत जा. घरातली मोठी माणसे काही लिहायला बसली, तर त्यांच्या शेजारी बसा आणि जे झाले ते त्यांना सांगा. त्यांनी विचारायची वाट पाहू नका. आणि तुमच्या बाईंना, सरांना जपा. दिवसभर तुमच्याशी बोलायला त्यांना न घाबरता तोंड उघडता यायला हवे, एवढेच त्यांना लागते.

त्या दिवशी बाई व्हरांड्यातून चालत गेल्या. तिसरीच्या दारापाशी त्या थबकल्या, हे मला ऑफिसच्या खिडकीतून दिसले. मग त्या आत गेल्या आणि दार लागले.

आत काय झाले ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे त्या वर्गाचा त्यानंतरचा एकही फोटो नाही. तुम्हाला जाणून घ्यायचेच असेल, तर बाईंनाच विचारा. त्या मधल्या सुट्टीत भेटतात.